मुलाच्या मापाचा बाक: शाळेसाठी बेंच घेण्याआधी काय मोजायचं

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या शाळेत लोकवर्गणीतून पहिल्यांदा बेंच आले, त्या दिवशी गावानं नारळ फोडला. तोवर मुलं बस्करपट्टीवर बसायची. नवे बेंच, वर हिरवा सनमायका, वर्गभर पावडर कोटिंगचा वास. पंधरा दिवसांनी माझ्या लक्षात आलं की तिसरीतली एक मुलगी लिहिताना नेहमी एक पाय दुमडून त्यावर बसते. रागावलं की पाय खाली सोडायची आणि पाच मिनिटांत पुन्हा तशीच बसायची. एकदा तिची आजी तिला न्यायला आली, दारातूनच तिनं पाहिलं आणि म्हणाली, “मास्तर, पोरना पाय लटकतस, ती कशी लिखी?”

मी टेप आणून मोजलं. बसायची फळी जमिनीपासून ४३ सेंटिमीटर, डेस्क ७५. त्या मुलीचे पाय जमिनीपासून चांगले वर लटकत होते आणि डेस्क तिच्या छातीला लागत होतं. पाय दुमडून ती स्वतःला चार बोटं वर उचलून घेत होती, म्हणजे निदान कोपर तरी डेस्कवर येईल. तिला शिस्त नव्हती असं नव्हे, आम्ही तिला दहावीच्या मापाचा बेंच दिला होता.

शाळा व्यवस्थापन समितीत नव्यानं आलेले पालक, नव्यानं रुजू झालेले शिक्षक आणि शाळेची पहिलीच ऑर्डर मिळालेले वेल्डिंगवाले भाऊ, या तिघांसाठी हे लिहितोय. शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे बेंच कसे घ्यायचे हे विचारायचा आणि ठरवायचा अधिकार तुमचाच आहे.

आधी दोनच गोष्टी डोक्यात पक्क्या करा

पहिली: मुलाचे तळवे पूर्ण जमिनीला टेकले पाहिजेत. पाय लटकले की सगळं वजन मांडीच्या खालच्या बाजूवर येतं, फळीची कड रुतते, पायाला मुंग्या येतात. मग मूल पुढे घसरून फळीच्या टोकावर बसतं, पाठीचा टेका सुटतो आणि पाठ कमानीसारखी वाकते.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, आणि माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची आहे. बसायची फळी आणि डेस्क यांच्या उंचीतला फरक. आमच्या त्या बेंचमध्ये हा फरक ३२ सेंटिमीटर होता. तिसरी-चौथीच्या मुलाला साधारण २० लागतो, आणि दहावीच्या उंच मुलालाही २६ ते २८ पुरतात. फरक जास्त असला की मूल खांदे वर ओढून लिहितं, मान आत जाते, डोळे वहीच्या अगदी जवळ येतात. फरक कमी असला तर मूल डेस्कवर ओणवं होतं. दुकानात बेंच बघायला गेलात तर सनमायक्याच्या रंगाआधी हा फरक मोजा.

पायरी १: जूनमध्ये मुलं मोजा

शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यातच हे काम करा. लागतं काय? शिंप्याची टेप, सुताराचा गुण्या (काटकोन तपासायची पट्टी), एक सपाट स्टूल, खडू आणि वही. स्टुलाची उंची कमी-जास्त करायला खाली जुनी पुस्तकं ठेवता येतात. चपला काढून मोजायचं. आपल्याकडे बहुतेक गावांत चपला वर्गाबाहेर काढायची पद्धत आहे, म्हणून मापात बुटाची उंची धरू नका. जिथे मुलं वर्गात बूट घालून बसतात तिथे फळीच्या आणि डेस्कच्या, दोन्ही उंचींत २ सेंटिमीटर वाढवा.

दाराच्या चौकटीवर खडूनं खुणा करून मुलाची उभी उंची घ्या. मग त्याला स्टुलावर असं बसवा की तळवे जमिनीला टेकतील आणि गुडघा गुण्यात येईल, आणि चार मापं घ्या.

जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या लवणीपर्यंतची उंची. यावरून फळीची उंची ठरते.

कुल्ल्याच्या मागच्या टोकापासून त्याच लवणीपर्यंतची लांबी. मुलाला भिंतीला टेकवून बसवलं की हे सोपं जातं. यावरून फळीची खोली ठरते.

हात सैल सोडून कोपरात दुमडल्यावर स्टुलापासून कोपराच्या टोकापर्यंतची उंची. इथे मुलं हमखास खांदे उचलतात. “श्वास सोड” म्हणायचं आणि मग मोजायचं.

मांडीची जाडी, म्हणजे स्टुलापासून मांडीच्या सर्वात वरच्या भागापर्यंत.

तीस मुलांच्या वर्गाला एक सकाळ पुरते. एकानं मोजायचं, एकानं लिहायचं. पाचवी-सहावीच्या मुलांकडूनच हे करून घेतलं तर गणिताचा तास होतो, आणि आपण कुठल्या मापाचे हे त्यांचं त्यांनाच कळतं.

सगळ्यांची चार मापं घेणं शक्यच नसेल तर नुसती उंची घ्या. अनवाणी मुलाच्या फळीची उंची त्याच्या उंचीच्या साधारण चौथ्या भागाइतकी येते. मात्र शहादा-तळोद्याकडच्या आश्रमशाळेतली मापं जळगाव शहरातल्या शाळेला लावू नका, आणि उलटही करू नका. आपल्या वर्गात जी मुलं बसलेली आहेत, तीच मोजा.

पायरी २: इयत्ता विसरा, उंचीचे गट करा

मापं लिहून झाली की एक गोष्ट समोर येते. पाचवीच्या एकाच वर्गात १२२ सेंटिमीटरचा मुलगा असतो आणि १४८ ची मुलगीही असते. पाचवी ते सातवीच्या काळात मुली आधी झपाट्यानं वाढतात. म्हणून “पाचवीचे बेंच” असं काही नसतं. सरासरी काढू नका. १३५ च्या सरासरीला केलेला बेंच या दोघांपैकी कोणालाच बसणार नाही.

अनवाणी मुलांसाठी मी हे आकडे वापरतो. १०० ते ११५ सेंटिमीटर उंचीला फळी २६ आणि डेस्क ४४. ११५ ते १३० ला फळी ३० आणि डेस्क ५०. १३० ते १४५ ला ३३ आणि ५५. १४५ ते १६० ला ३७ आणि ६१. त्यापुढे ४१ आणि ६७. डेस्कचा आकडा मुलाच्या बाजूच्या कडेचा आहे. बघितलंत तर दोन्हींमधला फरक १८ पासून दोन-दोननं वाढत २६ पर्यंत जातो. मूल दोन गटांच्या सीमेवर असेल तर लहान मापाच्या बेंचवर बसवा. फळी जरा खाली असली तर चालतं, वर असलेली चालत नाही.

एका वर्गात साधारण दोन, कधी तीन मापं लागतात. पाच मापं ठेवायला पहिली ते सातवीची शाळा पाहिजे. युरोपात ईएन १७२९ हे मानक आहे, त्यात मापागणिक रंग ठरलेले असतात: पिवळा, लाल, हिरवा, निळा असे. ही कल्पना उचलण्यासारखी आहे. बेंचच्या पायावर रंगाचा एक पट्टा मारून घ्या, म्हणजे झाडलोट करताना बेंच मिसळले तरी पहिलीचं पोरगंही आपला रंग शोधून बसतं. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोचं आय.एस. ४८३७ हे शाळेच्या टेबल-खुर्च्यांचंच मानक आहे. ऑर्डरमध्ये त्याचा उल्लेख करा, पण तेवढ्यावर थांबू नका, खाली आपली मापं लिहाच.

पायरी ३: मुलावरून बेंचचं माप काढा

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. पाचवीतली मुलगी, उंची १३२. लवणीपर्यंत ३३, कुल्ला ते लवण ३७, कोपर १८, मांडी ११.

फळीची उंची ३३. वेल्डिंगवाला इंच-सुतात बोलतो, तर ही झाली बरोबर तेरा इंच. फळीची खोली तिच्या ३७ पेक्षा ५ सेंटिमीटरनं कमी, म्हणजे ३२. मूल मागे टेकून बसल्यावर गुडघ्याची लवण आणि फळीची कड यांच्यात तीन बोटं गेली पाहिजेत. बोटं गेली नाहीत तर मूल पाठीचा टेका वापरणारच नाही. फळीची पुढची कड गोल घासून घ्या.

डेस्कची उंची म्हणजे फळी अधिक कोपर अधिक साधारण ३ सेंटिमीटर. लिहिताना हात किंचित पुढे आणि बाहेर जातो, तेव्हा कोपर तेवढं वर उचललं जातं, म्हणून हे ३. तिच्यासाठी ३३ आणि १८ आणि ३, झाले ५४. गटाचा आकडा ५५ आहे, चालेल.

आता डेस्कखालचा खण. इथे बरेच जण फसतात. दप्तर मावावं म्हणून १० सेंटिमीटर खोल खण करतात. ५५ मधून प्लायचे १.८ आणि खणाचे १० गेले की खाली उरले ४३.२. मुलीच्या मांडीचा वरचा भाग ३३ आणि ११, म्हणजे ४४ वर. मांडी खणाला घासते. मग कारागीर काय करतो, डेस्क वर चढवतो, आणि तिथून तो ३२ चा फरक तयार होतो! उंच डेस्कचं मूळ कित्येकदा या खणात असतं. खण ६ सेंटिमीटरचाच करा, वह्या-पुस्तकं आडवी मावतात. दप्तराला डेस्कच्या बाजूला मजबूत आकडा लावा. तो आत वळलेला हवा, नाहीतर मुलांच्या कपड्यांना आणि कातडीला ओरखडे येतात.

शेवटी फळी आणि डेस्क यांच्यातलं आडवं अंतर. डेस्कच्या कडेवरून ओळंबा सोडला तर तो फळीच्या पुढच्या कडेच्या आत ३-४ सेंटिमीटर पडायला हवा, म्हणजे डेस्क फळीवर तेवढं आलेलं असतं. लिहिताना मूल मागे टेकून राहू शकतं ते यामुळे. एकत्र जोडलेल्या ड्युअल डेस्कमध्ये मुलांना आत-बाहेर करता यावं म्हणून मुद्दाम ८-१० सेंटिमीटरची फट ठेवतात आणि मूल दिवसभर त्या फटीवर ओणवं होऊन लिहितं. पैसे पुरत असतील तर सुटी खुर्ची आणि सुटं टेबल घ्या. जोडलेलाच घ्यायचा असेल तर फट शून्य ठेवा आणि दोन्ही बाजूंनी निघता येईल अशी रांगांमध्ये जागा सोडा.

पायरी ४: डेस्कला उतार द्या

अमळनेर, धरणगाव, चोपडा या बाजूच्या जुन्या आडतीच्या दुकानांत दिवाणजींचं डेस्क ज्यांनी पाहिलंय त्यांना हे सांगावं लागणार नाही. गादीवर मांडी घालून बसायचं आणि समोर बुटकं, उतरत्या झाकणाचं लाकडी डेस्क. कापसाच्या हंगामात दिवाणजी दिवसभर त्यावर वह्या लिहायचे. पृष्ठभाग उतरता असला की कागद डोळ्यांकडे वळतो आणि मानेला खाली झुकावं लागत नाही.

बेंचला १० अंश उतार पुरे. डेस्क ४० सेंटिमीटर खोल असेल तर मागची कड पुढच्यापेक्षा ७ सेंटिमीटर वर. १५ अंशांच्या पुढे गेलात तर वही घसरायला लागते. वरच्या टोकाला पेन्सिल, पट्टी आणि पाण्याच्या बाटलीसाठी ७-८ सेंटिमीटरची सपाट पट्टी ठेवा.

डेन्मार्कचे शल्यचिकित्सक मँडल यांनी एक निरीक्षण मांडलं होतं की लिहिताना मुलं खुर्ची पुढच्या दोन पायांवर झुकवतात, कारण त्यामुळे मांडी उतरती होते आणि पाठ सरळ राहते. आपल्या वर्गातही ही मुलं दिसतात आणि आपण त्यांना ओरडतो. त्या मुलाचं डेस्क सपाट आणि खाली आहे का, ते आधी बघा.

आणि पहिली-दुसरीसाठी पैसे नसतील तर चुकीचा बेंच घेण्यापेक्षा बस्करपट्टीच राहू द्या आणि दिवाणजींसारखी बुटकी उतरती डेस्कं करून घ्या. मांडी घालून बसायची सवय या मुलांना घरातूनच असते. दोन फळ्या आणि चार छोटे पाय, गावातला सुतार एका दिवसात पाच-सहा करतो.

पायरी ५: पाठीचा टेका

बहुतेक बेंचना पाठीला एकच फळी असते आणि ती खांद्याच्या उंचीवर मारलेली असते. टेका हवा कमरेच्या वरच्या खोलगट भागाला. १३०-१४५ च्या गटात बसायच्या फळीपासून १५ ते २५ सेंटिमीटरच्या दरम्यान तो आला पाहिजे. त्याखाली मोकळी जागा सोडा, म्हणजे कुल्ले मागे सरकतात आणि पाठ टेक्याला लागते. टेका काटकोनात नको, १० अंश मागे झुकलेला हवा.

पायरी ६: खान्देशच्या हवेला टिकेल असं साहित्य

मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे सकाळची शाळा असते, तरी अकरा वाजता पत्र्याच्या छताखालच्या वर्गात लोखंडी फळीला हात लावून बघा. भुसावळ-जळगावकडच्या उन्हाचा अंदाज ज्यांना नाही असे बाहेरचे पुरवठादार पूर्ण पत्र्याचे बेंच दाखवतात, स्वस्त पडतात म्हणून. बसायच्या आणि लिहायच्या जागी लाकूड किंवा प्लायच घ्या. रेक्झिनची गादीही नको, घामानं चिकटते आणि वर्षात फाटते. बसायच्या फळीच्या दोन पट्ट्यांमध्ये हवेला फट ठेवता येते, पण ती ८ मिलिमीटरपेक्षा कमी ठेवा. दोन सूत, म्हणजे पाव इंच, ठीक. त्याहून मोठ्या फटीत लहान बोट अडकतं.

सनमायका चकचकीत नको, मॅट घ्या. चकचकीत असला तर खिडकीचं ऊन त्यावरून परावर्तित होऊन थेट डोळ्यांत जातं.

सांगाड्याला चौकोनी पाइप. नवख्यांसाठी सांगतो, गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. पायांना १६ गेज घ्या. १८ गेजचे पाय मुलं ओढाओढ करून दोन वर्षांत वाकवतात. पाइपची तोंडं बंद हवीत, आत गांधीलमाशा घर करतात. प्रत्येक वेल्डवरून हात फिरवा, बर, म्हणजे धातूची टोचणारी कड, राहिली असेल तर ग्राइंडर मारून घ्या.

तापीकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वर्गाची फरशी कुठे ना कुठे खचलेली असतेच. डुगडुगणारा बेंच म्हणजे एकानं लिहिलं की दुसऱ्याची अक्षरं बिघडली. पायांना रबरी बुश लावा आणि त्यातल्या निदान दोन पायांना फिरवून वर-खाली होणारा बोल्ट द्या. लाकडाला वाळवी, आपल्याकडची उधई, लागू नये म्हणून बेंच भिंतीला चिकटवून ठेवू नका.

पायरी ७: ऑर्डर आणि नमुना

“ड्युअल डेस्क, ४० नग” एवढंच पत्रावर लिहिलंत तर दुकानात जे पडलंय ते येणार. आमचं तसंच झालं होतं. पत्रात गटवार नग लिहा. प्रत्येक गटाला फळीची उंची, फळीची खोली, डेस्कच्या पुढच्या कडेची उंची, उतार, खणाची खोली, पाइपचा गेज आणि पट्ट्याचा रंग. देणगीदार किंवा कंपनीकडून बेंच मिळत असतील तर त्यांनाही हाच कागद द्या. देणारा माणूस चांगल्या मनानं देत असतो, त्याला माप माहीत नसतं इतकंच.

सगळे बेंच एकदम करू नका. प्रत्येक मापाचा एक नमुना आधी मागवा आणि आठवडाभर वर्गात ठेवा. त्यावर त्या गटातलं सर्वात लहान आणि सर्वात मोठं मूल आलटून पालटून बसवा. बघायचं काय: तळवे टेकतात का, लवणीत तीन बोटं जातात का, लिहिताना खांदे वर जातात का, उठताना मांडी अडते का. डोळ्यांचं अंतर तपासायला सोपी युक्ती आहे. कोपर वहीवर टेकवून मूठ गालाकडे न्यायची. लिहिताना चेहरा त्या मुठीच्या खाली जाता कामा नये. काही बदलायचं असेल तर आत्ता एका बेंचवर बदलतं, चाळीस बेंच तयार झाल्यावर कोणी बदलून देत नाही.

जुने बेंच आहेत, त्यांचं काय?

नुसते पाय कापून काम होत नाही. आमच्या ४३ आणि ७५ च्या बेंचचे पाय १० सेंटिमीटर कापले असते तर फळी ३३ वर आली असती, पण डेस्क ६५ वर राहिलं असतं, म्हणजे फरक ३२ चा ३२. आम्ही एका वेल्डिंगवाल्याला शाळेतच बोलावलं. त्यानं डेस्कचे उभे पाइप वेगळे कापून पुन्हा जोडले, मग खालचे पाय कापले. खण काढून टाकला. दिवसाला आठ बेंच होत होते. कापलेल्या पाइपचे तुकडे त्याला मजुरीत दिले.

तेही जमत नसेल तर मोठ्या बेंचखाली पाय ठेवायला फळी टाका, पूर्ण तळवा मावेल इतकी, ३० सेंटिमीटर रुंद. नुसता आडवा पाइप नको, त्यावर टाच टिकत नाही. यानं पाय टेकतात, डेस्क मात्र उंचच राहतं. म्हणून फरक कमी करायला बसायच्या फळीवर जाड लाकडी पाट पक्का बसवा आणि पायाखालची फळी तेवढीच वर घ्या.

बसवताना

डावखुऱ्या मुलाला जोडबेंचच्या डाव्या टोकाला बसवा, नाहीतर दोघांची कोपरं दिवसभर भांडतात. उजव्या हातानं लिहिणाऱ्यांना खिडकीचा उजेड डावीकडून यावा. पहिली रांग फळ्यापासून किमान २ मीटरवर. लहान मापाचे बेंच मधल्या रांगांत पुढे, मोठ्या मापाचे कडेच्या रांगांत, म्हणजे उंच मुलं कायमची मागे जात नाहीत. चाकाची खुर्ची वापरणारं मूल असेल तर एक टेबल खालून पूर्ण मोकळं ठेवा आणि खुर्चीच्या हातांची उंची मोजूनच ते करा.

बेंच कितीही मापात असला तरी एकाच जागी तासन्‌तास बसवू नका. दर तासिकेनंतर मुलांना उठून दारापर्यंत जाऊन येऊ द्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा दाराच्या चौकटीपाशी उंची घ्या. सहावी-सातवीतली चार-पाच मुलं तरी खडूच्या खुणेच्या वर गेलेली असतात. त्यांचा रंग बदला आणि त्यांचा बेंच मागून येणाऱ्याला द्या.